कैफियत ज्याची त्याने मांडावी

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाच्या विवाहाची जी कथा रचली, ती विदर्भातील वत्सगुल्म नगरीत, म्हणजे आजच्या वाशीममध्ये, संपते, हे या जिल्ह्यातील सुशिक्षितांना सामान्यतः ठाऊक असते, आणि सभासमारंभांतून त्याचा अभिमानाने उल्लेखही होत असतो, मात्र त्या कथेतील एका मर्माकडे जावे तितके लक्ष गेलेले नाही. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाचे मन वळविण्यासाठी साहित्यविद्या देशोदेशी त्याच्या मागोमाग जाते, तेव्हा ती नुसती बोलत नाही. त्या त्या देशी ती निराळा वेष करते, निराळे नृत्यगीत करते, निराळ्या धाटणीने बोलते, आणि या तिन्हींच्या योगाने अखेर त्याचे चित्त द्रवते. वेषाची मांडणी ती प्रवृत्ती, हावभावविलासाची मांडणी ती वृत्ती आणि वचनाची मांडणी ती रीती, असा भेद राजशेखराने या प्रसंगातूनच सांगितला आहे. अकराशे वर्षांपूर्वीच्या त्या पंडिताच्या लेखी अंतरंगातून बाहेर येण्याच्या वाटा तीन होत्या आणि शब्द ही त्यांतील केवळ एक होती. ही शेवटची वाट ज्यांना जन्मतः अवघड असते, किंवा जे तिच्यावरून आपल्याहून निराळ्या चालीने चालतात, अशा माणसांविषयी मला आज लिहावयाचे आहे.

स्वमग्नता, किंवा दवाखान्यातील भाषेत ऑटिझम, हा येऊन जाणारा रोग नव्हे आणि आईबापांच्या वागण्याचा परिणामही नव्हे. ती मेंदूच्या घडणीची एक तऱ्हा आहे आणि ती जन्मभर सोबत राहते. या तऱ्हेच्या माणसांपैकी कित्येक जण अस्खलित बोलतात, कित्येकांना मोजकेच शब्द साधतात, तर काहींना एकही साधत नाही. कोणाला यंत्राची घरघर किंवा दिव्याचा लखलखाट असह्य होतो, कोणाला ठरलेला क्रम मोडला की जीव घाबराघुबरा होतो, आणि समोरच्याच्या नजरेला नजर देऊन बोलणे, जे आपण सभ्यतेचे पहिले लक्षण समजतो, ते त्यांतील अनेकांना एकाग्रतेचा भंग करणारे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न होता. वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत ११,९७,१६० होती. तोच हिशेब येथे लावला तर वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांत मिळून अशी नऊ हजारांवर माणसे असावीत, आणि अवस्था जन्मभराची असल्यामुळे त्यांत मुलांपेक्षा प्रौढच अधिक असणार. गावात अशा माणसाला सहसा वेडा म्हणतात, मुका म्हणतात, हट्टी म्हणतात, बाहेरची बाधा झालेला म्हणतात. तो स्वतःला काय म्हणतो, हे विचारण्याची पद्धत अजून पडलेली नाही.

ही गोष्ट केवळ वाशीमची नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत आणि हान्स आस्पर्गर यांनी १९४४ मध्ये व्हिएन्नात अशा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली, आणि त्यानंतरची जवळजवळ चार दशके या विषयावरचे सारे वाङ्मय वैद्यांनी, मानसशास्त्रज्ञांनी आणि आईबापांनी लिहिले. टेंपल ग्रँडिन यांचे आत्मकथन १९८६ मध्ये आले, तेव्हा स्वमग्न व्यक्ती स्वतःविषयी पुस्तक लिहू शकते यावर विश्वास ठेवणे पुष्कळ तज्ज्ञांनाही जड गेले. पुढे १९९३ मध्ये टोरोंटो येथील परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने जमलेल्या पालकांना असे विनविले की, तुम्ही मनात कल्पिलेल्या मुलासाठी शोक करावयाचा असेल तर तो आमच्यापासून दूर जाऊन करा, कारण आम्ही मेलेलो नाही, तुमच्यासमोर जिवंत उभे आहोत आणि तुमची वाट पाहत आहोत. आपली कैफियत आपणच मांडावी, आपल्याविषयीचा निर्णय आपल्यावाचून होऊ नये, हा जो आग्रह आज जगभर धरला जातो, त्याच्या उगमापाशी ते भाषण आहे.

हा आग्रह केवळ स्वाभिमानाचा आहे असे कोणी समजू नये. त्यावाचून खुद्द शास्त्राचे पाऊलही वाकडे पडत होते. स्वमग्न माणसाला दुसऱ्याचे मन कळत नाही, त्याच्या ठायी सहानुभूतीची उणीव असते, असे तज्ज्ञ अनेक वर्षे शिकवीत आले. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये असे प्रतिपादन केले की, ही उणीव एका बाजूची नसून दुहेरी आहे. त्याला आपले मन जितके कळत नाही तितकेच आपल्यालाही त्याचे कळत नाही, फरक इतकाच की आपण संख्येने अधिक असल्यामुळे दोष त्याच्या नावावर मांडला जातो. पुढे २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाकडून दुसऱ्याकडे गोष्ट पोहोचविण्याचा प्रयोग केला, तेव्हा केवळ स्वमग्न माणसांच्या साखळीत ती तितकीच शाबूत राहिली जितकी इतरांच्या साखळीत राहिली; ती अधिक गळली ती दोन्ही तऱ्हांची माणसे एकाआड एक बसविल्यावर. सत्तर वर्षांचे निरीक्षण जे पाहू शकले नाही, ते ज्याच्यावर बेतले होते त्याने सांगितले.

मराठी वाचकाला तर हे तत्त्व नवे वाटण्याचे कारणच नाही. विधवांच्या दुःखाविषयी शास्त्री आणि सुधारक हिरिरीने वाद घालीत होते, त्या काळात, १८८२ मध्ये, आमच्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून स्त्रियांची बाजू स्त्रीच्या लेखणीने मांडली, आणि तो निबंध आज आपण मराठी गद्याचा ठेवा मानतो. अस्पृश्यतेविषयी सहृदय सवर्ण लेखकांनी पुष्कळ लिहिले होते, तरीही १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आणि १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले, तेव्हा मराठी मनाला कळून चुकले की, दुरून कळवळ्याने पाहणे आणि आतून सांगणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. याच वाशीम जिल्ह्यात शिरपूरला जन्मलेल्या नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ या कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सारा जिल्हा आनंदला, आणि तो आनंद रास्तच होता. ज्या समाजाने इतक्या किमतीने हे शिकून घेतले, त्याने स्वमग्न माणसाच्या बाबतीत ते विसरावे आणि त्याच्याऐवजी सतत दुसऱ्यानेच बोलावे ही तजवीज निमूट चालू द्यावी, हे मला पटत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. ताराबाईंना लिहिता येत होते, दया पवारांना शब्द वश होते. ज्याच्या तोंडून शब्दच उमटत नाही त्याने कैफियत मांडावी कशी? पण वाणी आणि लेखन यांची सांगड नसतानाही काव्य होऊ शकते, याचा थोर दाखला मराठीत आहे. बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी रचलेल्या ओव्या आणि गाणी घरच्यांनी कागदावर उतरविली, त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी ती आचार्य अत्रे यांना दाखविली, आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. लेखणी दुसऱ्याच्या हातात होती म्हणून ती कविता दुसऱ्याची झाली, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. आपला कायदाही संकुचित नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात ‘संप्रेषण’ या संज्ञेत लेखन, चित्र, चिन्हे, स्पर्श, सांकेतिक भाषा, सोपी भाषा आणि वाणीला पूरक व पर्यायी अशी सर्व साधने गणली आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.त तयार झालेले ‘जेलो’ हे चित्रांवर बोट ठेवून बोलण्याचे साधन मराठीतही आहे आणि विनामूल्य आहे. ज्या घरात साधा स्मार्टफोन आहे त्या घरात ते आज उतरवून घेता येते.

येथे सावधगिरीचा एक शब्द लिहिणे माझे कर्तव्य आहे. स्वमग्न व्यक्तीचा हात किंवा मनगट धरून तिच्याकडून अक्षरे दाखवून घेण्याची एक पद्धत १९९० नंतर पाश्चात्त्य देशांत फोफावली होती. पुढे काटेकोर परीक्षा घेतल्या असता असे दिसून आले की, शब्द हात धरणाऱ्याचे होते, ज्याचा हात धरला होता त्याचे नव्हते. धरणारा लबाड होता असेही नाही. प्रेमापोटी तो स्वतःचीच फसगत करून घेत होता. म्हणून जेथे मध्यस्थ लागतो तेथे तो हळूहळू कमी होत जाईल असे साधन निवडावे, आणि जे काम माणूस कोणाचा हात न लागता स्वतः करतो त्याला अधिक मोल द्यावे. चित्र, मातीकाम, विणकाम, ताल आणि गाणे यांचे महत्त्व मला या दृष्टीने विशेष वाटते. कागदावर ओढलेली रेघ ओढणाऱ्याचीच असते.

आणि या बाबतीत वऱ्हाड दरिद्री नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आमच्याकडे मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. त्या गाण्यांत तीच ओळ थोडी फिरवून पुन्हा पुन्हा येते, प्रश्न ठरलेला असतो आणि उत्तरही ठरलेले असते. पोळ्याच्या झडत्यांत एकाने आरोळी द्यावी आणि जमावाने शेवट उचलावा हा शिरस्ता आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी, आणि त्या समाजाच्या तांड्यांवर होळीला लेंगी गातात, ती रिंगणात फेर धरून, एकाच तालावर कितीतरी वेळ. पुनरावृत्ती, निश्चित क्रम, आधीपासून ठाऊक असलेला शेवट, या ज्या गोष्टी स्वमग्न माणसाला सुखद वाटतात, त्याच या लोककलांचा कणा आहेत. पुष्कळ स्वमग्न मुले ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी परत म्हणतात, आणि ती पोपटपंची समजून थांबविण्याचा खटाटोप शाळांतून होत असे. परंतु प्रायझंट आणि डचन या अमेरिकी संशोधकांनी १९८१ मध्येच दाखवून दिले की, अशा उच्चारांमागे होकार देणे, मागणे, बोलण्यात आपली पाळी घेणे, स्वतःला सावरणे असे अनेक हेतू असतात. तेव्हा भुलाबाईचे एकच पद दिवसभर गुणगुणणारी मुलगी काहीतरी सांगत असण्याचा पुष्कळ संभव आहे, आणि त्याच पदाची पुढची ओळ म्हणून तिला उत्तर देणे हे तिच्याशी संभाषण होय. तांड्यावरच्या मुलाशी ते गोरमाटीत व्हावे, खेड्यातल्या मुलाशी वऱ्हाडीत व्हावे. प्रमाण मराठी शिकल्यावाचून त्याला स्वतःचा आवाज लाभणार नाही, असा नियम कोणी केलेला नाही.

मात्र आपल्याकडे कलेची योजना जेथे जेथे होते, तेथे बहुधा ती उपचार म्हणून होते. मुलाने काढलेले चित्र बोटांची पकड सुधारल्याचा पुरावा म्हणून दप्तरात लावले जाते, त्याचे गाणे श्वासाच्या व्यायामात जमा होते, आणि त्या चित्रात त्याला काय दाखवावयाचे होते हा साधा प्रश्न नोंदवहीच्या कोणत्याही रकान्यात नसतो. उपचाराला माझा विरोध नाही. पण चित्र हे आधी चित्र आहे. दुसरीकडे चमत्काराची हाव आहे. स्वमग्न म्हणजे एखादी अलौकिक सिद्धी लाभलेला, अशी समजूत सिनेमांनी पसरविली आणि त्यामुळे सामान्य कुवतीच्या मुलाचे आईबाप उगीच खंतावतात. मुंबईच्या जिया राय या स्वमग्न मुलीने २०२२ मध्ये तलाईमन्नार ते धनुष्कोडी हे अंतर १३ तास १० मिनिटांत पोहून पार केले, याचा मला अपार आदर आहे. परंतु ज्याला समुद्र पोहता येत नाही, ज्याच्या चित्राला कोणी बक्षीस देणार नाही, त्याचाही स्वतःविषयी बोलण्याचा हक्क तितकाच पूर्ण आहे. इतर नागरिकांकडून आपण बोलण्याआधी विक्रमाचा दाखला मागत नाही.

दुसऱ्याने बोलण्याऐवजी ज्याचे त्याने बोलावे हा बदल कसा घडू शकतो त्याचे उदाहरण मराठी पडद्यावर आहे, जरी ते स्वमग्नतेचे नाही. १९९१ च्या ‘चौकट राजा’त मतिमंद नंदूची भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली आणि ती इतकी हृदयंगम केली की एका पिढीने त्या निमित्ताने अशा माणसांकडे प्रथमच आपुलकीने पाहिले. पुढे २०१४ मध्ये महेश लिमये यांचा ‘यलो’ आला. त्यात डाउन सिंड्रोम असलेल्या पुण्याच्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःचीच कथा स्वतः वठविली. प्रभावळकरांच्या कलेला उणे न लेखताही म्हणता येते की, या तेवीस वर्षांत मराठी चित्रपटाने एक लांबचा पल्ला गाठला. स्वमग्न माणसाच्या वाट्याला मराठीत असा दिवस यावयाचा आहे.

आता पालकांविषयी. आजवर या प्रश्नावर महाराष्ट्रात जे काही जागरण झाले ते मुख्यतः पालकांनी केले. अच्युत गोडबोले यांनी ‘मुसाफिर’ या आत्मचरित्रात आपल्या स्वमग्न मुलाविषयी ज्या मोकळेपणाने लिहिले, त्याने कित्येक घरांतील दारे उघडली असतील. ज्या आईला रात्ररात्र झोप नाही, ज्या बापाला मुलगा डोके आपटून घेतो म्हणून सोयाबीन काढणीच्या दिवसांतही घर सोडता येत नाही, आणि आमच्या मागे याचे कोण, ही चिंता ज्यांना अन्न गोड लागू देत नाही, त्यांनी मला विचारले की, पुस्तके लिहिणाऱ्या परदेशी स्वमग्नांचा आमच्या मुलाशी काय संबंध, तर तो प्रश्न मी शिरसावंद्य मानीन. संबंध आहे तो असा: आपटणारे डोके हेही सांगणे आहे, आणि ते वेदनेचे आहे, दातदुखीचे आहे की गोंगाटाचे आहे, हे ओळखण्याची सर्वांत चांगली खूण ज्यांनी ती अवस्था भोगली आणि पुढे शब्दांत आणली त्यांच्याकडून मिळते. पालक हे मुलाचे मुखत्यार आहेत आणि राहतील. पण मुखत्याराने अशिलाची मसलत घ्यावी लागते, आणि अशील मोठा होत जातो तसा मुखत्यारपत्राचा मजकूर आखडत गेला पाहिजे.

कायद्यात याची सोय झाली आहे, पण ती कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते आणि स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिला प्रथम स्थान दिले आणि पालकत्वाच्या दरखास्ती ऐकण्यासाठी स्थानिक स्तर समिती नेमण्याचे ठरविले. तेराव्या कलमाप्रमाणे तीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असावी, मात्र ती १९९५ च्या कायद्याच्या व्याख्येत बसणारी असावी. म्हणजे स्वमग्नांच्या भवितव्याचा निकाल करणाऱ्या समितीत दिव्यांगांसाठी एक आसन राखले गेले आणि स्वमग्न व्यक्ती केवळ स्वमग्न म्हणून त्याच आसनाला अपात्र ठरली. २०१६ च्या अधिनियमाने १९९५ चा कायदा रद्द केला, प्रकारांची संख्या २१ वर नेली आणि स्वमग्नतेचा त्यांत समावेश केला. त्यामुळे ते आसन आता स्वमग्न प्रौढाला खुले झाले आहे, असे माझे मत आहे. दाखल्याची रीतही ध्यानात घ्यावी: त्यासाठी वापरली जाणारी ४० कलमांची भारतीय मापनश्रेणी निरीक्षणावरून आणि पालकांच्या जबाबावरून भरली जाते. निदानासाठी ते आवश्यक असेल. पण सरकारदरबारी या माणसाची जी पहिली नोंद होते ती अशा रीतीने परक्या शब्दांत होते, आणि पुढचे सारे कागद तिच्यावर चढत जातात.

त्याच २०१६ च्या अधिनियमाच्या एकोणतिसाव्या कलमात दिव्यांग कलावंत आणि लेखक यांना सोयी, आधार आणि आश्रय देण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. ते कलम मी जिल्ह्यातील एकाही भाषणात ऐकलेले नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्चावी असा हुकूम आहे, राज्यात २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे, आणि वाशीम २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत मोडतो. या पैशातून तीनचाकी सायकली आणि उपकरणे यावीत हे योग्यच. पण गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांत आठवड्यातून एक दुपार रंग, माती, ढोलकी आणि एक शांत कोपरा ठेवावा, आणि तेथे जे निर्माण होईल त्यावर निर्मात्याचे नाव, त्याची संमती असेल तर, लिहावे, ही खर्चाची बाबही त्यात बसते.

स्थानिक स्तर समितीचे ते आसन भरणे मात्र याहूनही सोपे आहे. बैठकीची सूचना पंधरा दिवस आधी आणि सोप्या मराठीत द्यावी, ऐनवेळचे विषय घेऊ नयेत, खोली लहान आणि शांत असावी, प्रश्न एका वेळी एकच विचारावा, उत्तर लिहून, चित्र दाखवून किंवा फोनवरच्या साधनाने देण्याची मुभा असावी, आणि ते येईपर्यंत थांबावे. एका बैठकीत उत्तर आले नाही तर पुढच्या बैठकीत ते घेऊन इतिवृत्तात नोंदवावे. याला वेगळा निधी लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचे एक पत्र पुरते, आणि ते येत्या २ एप्रिलच्या जागतिक स्वमग्नता दिनापूर्वी निघावे, अशी माझी मागणी आहे.